अंगणवाडीत ग्रामपंचायतीच्या हातात नेमकं काय आहे?

गावात एखादं मूल तीव्र कुपोषित निघालं की ग्रामसभेत ठरलेली दोन वाक्यं ऐकू येतात. सरपंच म्हणतात, "अंगणवाडी आमच्या ताब्यात नाही, ती प्रकल्पाची." सेविका म्हणते, "ग्रामपंचायत काहीच देत नाही." दोघांचंही निम्मं बरोबर आहे. उरलेल्या निम्म्यात मुलाचे दोन-तीन महिने वाया जातात.

आधी कुणाकडे काय आहे ते पाहू. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि अंगणवाडी ही त्याच योजनेची गावातली शाखा. सेविका, मदतनीस, आहार, नोंदी आणि मोजमापाची साधनं या सगळ्याचा कारभार पर्यवेक्षिका, तिच्यावर बालविकास प्रकल्प अधिकारी आणि त्यावर जिल्हा परिषदेचा महिला व बालविकास विभाग असा चालतो. लस, जंतनाशक गोळी, तपासणी ही कामं आरोग्य विभागाची, म्हणजे आशा, उपकेंद्राची आरोग्यसेविका आणि प्राथमिक आरोग्य केंद्राची. सरपंचाला सेविकेची बदली करता येत नाही आणि आहाराची पाकिटंही वाढवून देता येत नाहीत.

पण अंगणवाडीची जागा, नळ, शौचालय, दिवा, पावसाळ्यात तिथवर जाणारी वाट, जन्माची नोंद आणि उत्पन्नातले महिला-बालकल्याणासाठीचे दहा टक्के ग्रामपंचायतीकडेच आहेत. संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे द्यायच्या २९ विषयांत महिला व बालविकास हा विषय लिहिलेला आहे. म्हणून तक्रार करताना दार बरोबर निवडा. पाकिटं आली नाहीत तर पर्यवेक्षिका, लसीकरणाचा दिवस हुकला तर आरोग्यसेविका आणि नळाला पाणी नाही तर ग्रामपंचायत. पाण्याची तक्रार प्रकल्प कार्यालयात दिली तर ती फिरून गावातच येते, फक्त पावसाळा उलटल्यावर.

दहा टक्क्यांचा हिशेब

महाराष्ट्रातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार फी, गाळ्यांचं भाडं वगैरे. समजा वर्षाला साडेतीन लाख प्रत्यक्ष वसूल झाले, तर ३५ हजार रुपये या कामाचे. वसुली जितकी पडेल तितका हा आकडाही पडतो. घरपट्टी थकवणारा माणूस आपल्याच नातवाच्या अंगणवाडीचे पैसे थकवत असतो, हे वसुलीच्या वेळी कुणी सांगत नाही.

हा खर्च कागदावर सापडतो. ग्रामपंचायतीचा हिशेब ठरलेल्या क्रमांकांच्या नमुन्यांत लिहितात; अर्थसंकल्प नमुना १ मध्ये असतो. मागासवर्गीयांच्या १५ टक्के आणि महिला-बालकल्याणाच्या १० टक्के खर्चाची मासिक नोंद नमुना २८ मध्ये. ग्रामसभेत हे दोन नमुने मागा. तरतूद किती, खर्च किती, कशावर आणि कोणत्या महिन्यात, एवढं त्यातून कळतं. खर्च मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात एकाच बिलावर झाला असेल, तर काय घडलं ते निराळं सांगायला नको.

मार्चच्या खरेदीत सहसा काय येतं? प्लास्टिकच्या खुर्च्या, मुलांच्या हाताला न लागणारे भिंतीवरचे तक्ते, नळ नसलेल्या खोलीत लावलेला पाणी शुद्ध करण्याचा फिल्टर. कारण साधं आहे: यादी पुरवठादाराने केलेली असते, सेविकेला कुणी विचारलेलं नसतं. ऑगस्टमध्ये तिला अर्धा तास बसवून घ्या आणि विचारा, कोणत्या कामात रोज अडतं? बहुतेक वेळा उत्तर स्वस्त निघतं. झाकणाचं धान्य ठेवायचं पिंप, दाराची कडी, पंख्याची जोडणी आणि वीजबिल कोण भरणार याचा एक ठराव, जमिनीवर अंथरायच्या सतरंज्या, लाकडी ठोकळे. वजनकाटा मात्र विकत घेण्याआधी तपासा. पोषण अभियानातून तान्ह्यांचा काटा, आई-बाळाचा काटा, लांबी मोजायची पाटी आणि उंची मोजायची पट्टी ही चार साधनं अंगणवाड्यांना दिलेली आहेत. बऱ्याच ठिकाणी काटा बिघडलेला नसतो, त्याची बॅटरी संपलेली असते.

हे सगळं उत्पन्न असलेल्या गावाचं झालं. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यातल्या मोठ्या गावाचे दहा टक्के आणि सातपुड्यातल्या अक्राणी (धडगाव) तालुक्यातल्या पाड्यांच्या ग्रामपंचायतीचे दहा टक्के यांची बरोबरीच नाही. शून्याचे दहा टक्के शून्यच. अशा गावांसाठी पेसाचा, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींच्या विशेष कायद्याखालचा, पाच टक्के निधी महत्त्वाचा ठरतो. नंदुरबार जिल्ह्यातले अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर हे तालुके, शिवाय शहादा, नंदुरबार, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर यांतली काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के हिस्सा थेट ग्रामपंचायतीला मिळतो, आणि आरोग्य, स्वच्छता, शिक्षण हा त्याच्या खर्चाचा एक मान्य गट आहे. पैसा कुठे लावायचा ते ग्रामसभा ठरवते. पेसात पाड्याचीही वेगळी ग्रामसभा होऊ शकते. पाड्यावरची अंगणवाडी मूळ गावाच्या सभेत कुणाच्या लक्षातही येत नाही. पाड्याच्याच सभेत तो विषय पहिला निघतो.

नळ आहे, पाणी नाही

खानदेशात याची तऱ्हा ठरलेली. अंगणवाडीला नळजोडणी झाल्याची नोंद कागदावर आहे. पण गावाचं पाणी सकाळी सहाला सुटतं, काही गावांत तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आणि अंगणवाडी उघडते दहाला. मधे साठवण नसली की तो नळ कोरडाच. मग मदतनीस हापशावरून दोन हंडे आणते, त्यात स्वयंपाक आणि पिणं भागतं, हात धुणं राहून जातं आणि शौचालयाला कुलूप लागतं.

पंचवीस मुलांच्या अंगणवाडीला पिणं, स्वयंपाक, भांडी, हात आणि शौचालय धरून दिवसाला दीडशे-दोनशे लिटर लागतात. म्हणजे ५०० लिटरची टाकी जेमतेम तीन दिवस पुरते. पाण्याचा फेरा चार दिवसांवर असेल तर हजाराची घ्या. टाकी इमारतीच्या उत्तरेला किंवा सावलीत बसवा. मे महिन्यात पत्र्यावर ठेवलेल्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी पिण्याजोगं राहत नाही. तोटी मुलांच्या उंचीला हवी, नाहीतर प्रत्येक हात मदतनीसलाच धुवून द्यावा लागतो आणि आठवड्यात ती सवय मोडते.

टाकीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरिनची पूड, टाकायचं माप आहे: हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे ५०० लिटरला अडीच. पूड कोरडी टाकू नका. आधी बादलीभर पाण्यात कालवा, गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी टाकीत ओता आणि अर्धा तास थांबा. त्यानंतर ओटी टेस्टला, म्हणजे पाण्यात क्लोरिन उरला आहे का ते पाहायच्या चाचणीला, पिवळा रंग यायला हवा. रंग आला नाही तर बहुधा पूडच मेलेली असते, कारण पिशवीचं तोंड उघडं राहिलं की क्लोरिन उडून जातो. हे काम जलसुरक्षकाचं, म्हणजे गावाचं पाणी शुद्ध ठेवायला नेमलेल्या माणसाचं, आणि गावाच्या टाकीबरोबर अंगणवाडीची टाकीही त्याच्या फेरीत लिहून द्यावी लागते. लिहिलं नाही तर ती कुणाचीच नसते.

वारंवार हगवण होणारं मूल कितीही खाल्लं तरी बाळसं धरत नाही. म्हणून कुपोषणावरचा ग्रामपंचायतीचा सर्वात मोठा उपाय आहाराचा नसून पाण्याचा आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. वित्त आयोगाचा पैसाही याला चालतो. पंधराव्या आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या निधीत ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. असा हिस्सा मिळत असेल आणि टाकी, तोटी, शौचालय त्यात बसवलं, तर दहा टक्के बाकीच्या गरजांना मोकळे राहतात.

मोजमाप कुठे चुकतं

कुपोषणाचे शब्द तीन आणि त्यांचे अर्थही तीन. वयाच्या मानाने वजन कमी असेल तर कमी वजनाचं मूल. वयाच्या मानाने उंची कमी असेल तर खुरटलेलं. उंचीच्या मानाने वजन कमी असेल तर रोडावलेलं, आणि त्यातलं सर्वात गंभीर म्हणजे सॅम, तीव्र कुपोषित. पहिल्या दोघांना वय अचूक लागतं, तिसऱ्याला लागत नाही. घरी जन्मलेल्या मुलाची जन्मतारीख अंदाजाने लिहिलेली असेल तर पहिले दोन आकडे फसवतात, तिसरा टिकतो. पण तिसऱ्यात उंची चुकली तर तोही गेला. सव्वा वर्षाच्या आसपासच्या मुलाची उंची एक सेंटिमीटर चुकली तर त्याचं अपेक्षित वजन सुमारे २०० ग्रॅमने बदलतं, आणि सीमेवरचं मूल इकडून तिकडे जायला तेवढं पुरतं.

दोन वर्षांखालच्या मुलाला आडवं झोपवून लांबी मोजतात. त्यापुढे उभं करून उंची. रडणारं मूल गुडघे वाकवतं, म्हणून मोजायला दोन माणसं हवीतच: एक डोकं पाटीला टेकवून धरायला, दुसरं गुडघे सरळ करून पाय दाबायला. एकट्या सेविकेने घेतलेली लांबी बहुधा कमी भरते. लांबी कमी भरली की रोडावलेलं मूल कागदावर ठीक दिसतं. सॅम मुलं निसटतात ती इथे. मोजणीच्या दिवशी मदतनीस स्वयंपाकात अडकलेली असेल तर आशाताईला किंवा बचत गटातल्या एका बाईला उभं करणं गावाला जमण्यासारखं आहे.

वजनाच्या वेळी काटा आधी शून्यावर आणा. अंगातलं झबलं काढा, करदोडा, वाळे, चांदीची कडीही काढा. सातपुड्यात मुलांच्या अंगावर चांदी असते, आणि ती काढायला आजी तयार नसते. मग तेवढ्याच चांदीचं वजन वेगळं करून वजा करा. दंडाचा घेर सहा महिने ते पाच वर्षांपर्यंत मोजतात. डावा हात मोकळा सोडून, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये पट्टी लावायची, आवळायची नाही. ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे लाल, ११.५ ते १२.५ पिवळा. दोन्ही पायांवर सूज असेल आणि अंगठा दाबल्यावर खड्डा राहत असेल, तर घेर कितीही भरला तरी ते मूल गंभीर आहे.

सॅम मूल निघालं की पुढचा प्रश्न भुकेचा. भूक चांगली आहे, ताप-जुलाब नाहीत, तर गावातल्या ग्राम बालविकास केंद्रात जादा आहार देऊन ते सुधारतं. भूक मेली असेल किंवा दुसरा आजार असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात न्यावं लागतं, आणि तिथला मुक्काम साधारण चौदा दिवसांचा. सगळं इथेच अडतं. आईला मुलाची काळजी नसते असं नाही. घरी दोन लहान मुलं, बकऱ्या, आणि रोज बुडणार. केंद्रात आईला बुडीत मजुरी मिळते, पण ती पुढे खात्यावर येते, आणि घरची चूल आजच पेटवायची असते. सरपंचाने गाडी ठरवून देणं ठीकच. पण मागे राहिलेल्या मुलांना कोण सांभाळणार हे जाऊबाईशी, सासूशी बोलून ठरवणं जास्त कामाचं. हे न ठरवता पाठवलेल्या आया चौथ्या दिवशी परत येतात. सुट्टी झाल्यावरही दर पंधरा दिवसांनी चार वेळा तपासणी असते, ती चुकू द्यायची नाही.

सहा महिन्यांनंतर अनेक मुलं रोडावू लागतात त्याचं कारण घरातच असतं. वरण देतो म्हणतात, पण देतात वरणाचं पाणी. सहाव्या महिन्यानंतर आईच्या दुधाबरोबर दोन-तीन चमचे घट्ट, कालवलेलं अन्न सुरू करून ते दिवसातून दोन-तीनदा, २५० मिलिच्या वाटीची अर्धी वाटी इतकं न्यायचं. वर्ष झालं की दिवसातून तीन-चार वेळा पाऊण ते पूर्ण वाटी. दादरची (रब्बी ज्वारीची) भाकरी गरम वरणात कुस्करून त्यावर चमचाभर तेल, पिकलेलं केळं, शेंगदाण्याचा बारीक कूट कालवलेली भगर, अंडं. आजी म्हणेल, पोराला पचणार नाही. चमच्यावरून ओघळून जातं ते पातळ. चमच्यावर टिकतं ते बरोबर, एवढं तिला दाखवा. वाद घालू नका.

अमृत आहार आणि अंतर

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ पासून अनुसूचित क्षेत्रात आहे. गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत आणि बाळंतिणीला पहिले सहा महिने अंगणवाडीत एक पूर्ण जेवण: भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडं. पुढे सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना अंडी किंवा केळीही त्यात आली.

योजना चांगली आहे, पण ती बाई अंगणवाडीत येऊन जेवेल यावर उभी आहे. पाडा दीड किलोमीटरवर, मधे नाला, आणि ती सकाळी आठला शेतात. मग डबा घरी जातो आणि घरी गेलेला डबा वाटला जातो. अंडं बहुधा तिच्या वाट्याला येत नाही. जेवणाची वेळ कामावर जाण्याआधीची ठेवता येते का, लांबच्या पाड्यावरच्या अंगणवाडीतच चूल मांडता येते का, हे आहार समितीला ठरवता येतं. त्या समितीत ग्रामपंचायतीची सदस्य बाई असतेच. पैसे उशिरा आले की सेविका किराणा दुकानात उधारी करते, आणि उधारी वाढली की लाडू लहान होतो. म्हणून समितीच्या बैठकीत उधारीचा आकडा दर महिन्याला विचारा.

दिवाळी ते होळी

धडगाव, अक्कलकुवा, शिरपूर, साक्री, चोपड्याच्या डोंगरपट्ट्यातली कुटुंबं दिवाळीनंतर उसाला, गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात, जातात आणि होळीला परततात. अंगणवाडीच्या वहीत मात्र ती मुलं तशीच राहतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी "अनुपस्थित". या चार महिन्यांत ना आहार, ना लस, ना वजन. एप्रिलच्या मोजणीत सॅमचा आकडा एकदम वर जातो आणि सगळे उन्हाळ्याला दोष देतात.

जाण्याआधी दसऱ्याच्या सुमारास ग्रामपंचायतीने स्थलांतराची वही धरावी: कुटुंब, मुलांची वयं, कुठल्या जिल्ह्यात, कोणत्या मुकादमाबरोबर, आणि त्यांच्यातला एक चालू मोबाईल नंबर. आई-बाळ संरक्षण कार्ड सोबत द्यायचं. पेटीत कुलूप लावून ठेवायचं नाही. पोषण ट्रॅकरमध्ये, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदींच्या मोबाईल अॅपमध्ये, लाभार्थी दुसऱ्या अंगणवाडीकडे हलवता येतो, पण गाव कळल्याशिवाय कुठे हलवणार? काही कुटुंबं तीन वर्षांवरची मुलं आजीकडे ठेवून जातात. अशा मुलांची वेगळी यादी करा. त्यांना अंगणवाडीचं ताजं जेवण मिळतं, पण सकाळी आणून सोडणारं कुणी नसतं.

परत आल्यावरची मोजणी पुढच्या सरकारी मोहिमेवर सोडू नका. होळीआधीच्या भोंगऱ्या या आदिवासी बाजाराच्या आठवड्यात सगळं कुटुंब डोंगरात असतं आणि बाजाराच्या गावी जमतंही. दंडाची पट्टी, काटा, लसीचा डबा घेऊन एक टेबल त्या दिवशी बाजारातच मांडलं तर एरवी महिनाभर फिरून भेटणार नाहीत तेवढी मुलं एका दिवसात भेटतात. होळी झाली की काही जण पुन्हा निघतात.

उलटी बाजूही आहे. केळीच्या मळ्यांत सातपुड्यापलीकडून, मध्य प्रदेशातून आलेली मजूर कुटुंबं राहतात. "आमच्या गावचे नाहीत" म्हणून त्यांच्या मुलांना परतवणं चूक आहे. आहारासाठी मुलाचं आधार अडवायचं कारण नाही. आईच्या आधारवर नोंद होते.

आणि भाषेचं. पावरी, मावची, भिली बोलणारं तीन वर्षांचं मूल पहिल्या दिवशी मराठी बडबडगीत ऐकून दाराकडे पाहतं. अहिराणी पट्ट्यात हा धक्का सौम्य असतो, पण असतोच. पहिले काही महिने घरच्या भाषेतली गाणी-गोष्टी आणि मग मराठी, हा क्रम ठेवला की गळती थांबते. गावातल्या दोन आज्या आठवड्यातून एकदा अंगणवाडीत आणून बसवायला निधी लागत नाही.

कुटुंबाचे कागद

जन्माची नोंद २१ दिवसांत मोफत होते आणि गावात झालेल्या जन्माची नोंद ग्रामपंचायतीतच होते. घरी बाळंतपण झालं तर कळवायची जबाबदारी घरच्या प्रमुखाची. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही, आणि मग शाळा, जातीचा दाखला, सगळ्याला तालुक्याचे खेटे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,०००. लेक लाडकी योजना १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या मुलींसाठी, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या घराला, वेगवेगळ्या टप्प्यांत मिळून एकूण १,०१,००० रुपये. अर्ज अडतात ते दोनच कारणांनी: आईचं खातं आधारला जोडलेलं नसतं, किंवा लग्नानंतरचं नाव आधारवर एक आणि पासबुकात दुसरं. बाळंतपणाच्या सहा महिने आधी आशाताईने हे दोन कागद एकमेकांशेजारी ठेवून पाहिले तरी पुढचे फेरे वाचतात.

ठराव कसा लिहायचा

प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. ती बऱ्याच गावांत सह्यांपुरती होते. अंगणवाडीचे विषय तिथे मांडून ग्रामसभेत पाठवले तर इतिवृत्तात उतरतात. वर्षाच्या विकास आराखड्याची जुळणी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते, म्हणून विषय सप्टेंबरच्या महिला सभेतच यायला हवा. जानेवारीत आणला तर तो पुढच्या वर्षावर जातो.

"अंगणवाडीला सोयी पुरवण्यात याव्यात" असा ठराव कुणालाच बांधत नाही. असा लिहा: "अंगणवाडी क्रमांक २ साठी ५०० लिटरची टाकी, दोन तोट्या व नळजोडणी, महिला व बालकल्याण १० टक्के निधीतून, १५ डिसेंबरपर्यंत बसवणे, टीसीएल टाकण्याची जबाबदारी जलसुरक्षकाची, बसवल्याचा दाखला सेविकेच्या सहीने घेणे." वस्तू, निधी, तारीख, माणूस, आणि काम झालं म्हणून सही करणारी बाई. पुढच्या सभेची सुरुवात मागच्या इतिवृत्ताच्या वाचनाने होते. ते वाचून झाल्याशिवाय पुढचा विषय घेऊ देऊ नका.